खोट्या दुकानाचं गिऱ्हाईक

बायकोबरोबर शेवटचं काम केलं ते मेथी निवडायचं. ती गेल्यावर घर खायला उठतं, म्हणून मी भोसरीच्या बसस्टॉपवर जाऊन बसतो. तिथं कंपनीच्या गणवेशातली एक पोरगी मांडीवरच्या लॅपटॉपात महागड्या घड्याळांचं दुकान मांडत होती. लिहायची, नख चावायची, पुसून परत लिहायची.

"दुकान कुठं हाय गं?"

"कुठंच नाही, आजोबा. वेबसाइट बनवायला शिकतेय, सगळं खोटंय. जरा गिऱ्हाईक व्हा की! तुम्ही अडलात, तर चूक माझी."

मी बायकी घड्याळ निवडलं. घेणाऱ्याचं नाव पोरीनं विचारलं, तसं बायकोचं सांगितलं. दहाव्यापासून ते माझ्या तोंडातनं निघालं नव्हतं. पत्ताबी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. सगळं खोटं हे ठाऊक होतं, तरी मी सदरा चढवून धावतच जाऊन दार उघडलं.