शेप्याचा मोहोर

"हात मागं घ्या, अन् मंग बघा."

सुकलाल सेठच्या बागेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला चुडामण माळी हेच सांगायचा. वकील असो, मास्तर असो, गोरा साहेब असो. साहेबाला बोली कळत नसे, तेव्हा चुडामण स्वतःचे हात पाठीशी बांधून दाखवायचा, आणि साहेब हसत तसंच करायचा. लालबाग वस्तीतली ती बाग वर्षातून पंधराच दिवस गावासाठी उघडी असे, शिवरात्रीनंतरच्या रविवारपासून. पांगारा पेटलेला असे, भुयारी कुंड्यांच्या गार पाण्यावर पोसलेले गुलाब ताटाएवढे फुललेले असत, आणि निम्मं बऱ्हाणपूर पाठीशी हात बांधून, कैद्यांसारखं, वाफ्यांमधून हिंडत असे. घरी जाताना मात्र प्रत्येकाचा चेहरा उजळलेला असे.

चुडामणची बायको मथुराबाई हे सारं फाटकाबाहेरून बघायची. ती तिथं कुंदाचे गजरे विकायला बसे, आणि तो कुंद ती बाजारातून विकत आणे. बायका तिला डिवचायच्या, "का वं मथुराबाई, तुझा नवरा एवढा फुलांचा धनी, अन् तू फुलं इकत घेते?"

"आमच्या घरात नुसते हात हायेत बाई," ती म्हणायची, "तेबी मागं बांधलेले."

बायका हसायच्या. ती हसायची नाही. एकोणीस वर्षांत त्यानं तिच्यासाठी बागेतली एक पाकळी आणली नव्हती. गळून पडलेलीसुद्धा. मालकाच्या मातीत पडलं ते मालकाचं, असा त्याचा हिशेब. तिला ते काट्यासारखं सलायचं, पण त्याच्या त्या ताठ मानेचा तिला अभिमानही होता. दोन्ही गोष्टी एकाच पदरात बांधून ती जगत होती.

चुडामण मूळचा धूलकोटचा. तिथं त्याच्या आईच्या शेताच्या बांधावर एक आंबा होता. फळ लहान, पण सुरी लावली की शेपूच्या भाजीसारखा वास सुटायचा, म्हणून त्याला शेप्या म्हणत. त्या चवीचा आंबा पंचक्रोशीत दुसरा नव्हता. एका पावसाळ्यात चुडामण बागेतलं कोयीचं रोप कुंडीसकट खांद्यावर घेऊन दीड दिवस चालत गेला, शेप्याच्या फांदीला ती कुंडी टांगली, रोपाची आणि फांदीची साल तासून दोघांची भेट बांधली. दोन महिन्यांनी जाऊन जुळलेलं कलम उतरवून आणलं आणि सेठला विचारून बागेच्या मधोमध लावलं. पुढच्याच वर्षी त्याच्या भावानं शेप्या लाकूडवाल्याला विकला. झाड तुटलं, त्याचं लाकूड कापसाच्या कुठल्याशा जिनच्या बॉयलरमध्ये गेलं. आता त्या आंब्याचं जगात उरलेलं म्हणजे बागेतलं ते कमरेएवढं कलम.

"चार वर्षं जोर धरू दे," तो मथुराबाईला सांगायचा. "मंग त्याच्या दहा कलमा बांधीन. एक धूलकोटला, आईच्या बांधावर."

पण दुसऱ्याच माघात ते पोर मोहोरलं. शेंड्यापासून बुडख्यापर्यंत, पानं दिसेनात. सुकलाल सेठ तर नाचायचाच बाकी राहिला. "चुडामण, रविवारी साहेब येऊ राहिले. त्यांना दाखवू, एवढुसं झाड अन् केवढा मोहोर! वैशाखात फळ त्यांच्या बंगल्यावर जाईल."

"सेठ, मोहोर खुडावा लागंल. कोवळं हाय. फळ धरलं तर उन्हाळा काढणार नाही."

"एका वर्षानं काय होतं? कोणी हात लावायचा नाही."

शिवरात्रीच्या आदल्या सांजेला चुडामण घरी आला तेव्हा त्याच्या उपरण्यात गच्च गाठोडं होतं. त्यानं ते मथुराबाईच्या पुढ्यात सोडलं. घरभर मधाचा, शेपूचा, उन्हाचा वास पसरला.

"खुडला?" ती म्हणाली.

"खुडला. फेकवंना, म्हणून आणला. रविवारी सांगेन, धुईनं जळाला."

धुईनं, दाट धुक्यानं मोहोर जळतो हे सेठलाही ठाऊक होतं. नवऱ्यानं आयुष्यात खोटं बोलायचं ठरवलं ते हे पहिलंच. पण मथुराबाईचं लक्ष तिकडे नव्हतं. ती त्या तुऱ्यांवरून हात फिरवत होती. एकोणीस वर्षांनी तिच्या घरात बागेतलं फूल आलं होतं. तो काय म्हणाला ते तिनं ऐकलं, आणि ऐकलंही नाही.

शिवरात्रीला महादेवाला आंब्याचा मोहोर वाहायचा असतो. दुसऱ्या दिवशी मथुराबाई न्हाऊन, ताटभर मोहोर घेऊन, ताट न झाकता देवळात गेली. रांगेतल्या बायकांच्या हातात दोन-दोन काड्या. हिच्या ताटात ढीग.

"अगं बाई! एवढा मोहोर कुठला वं?"

"आमच्या घरच्यांनी आणला," ती म्हणाली, आणि एकोणीस वर्षांची भूक तिच्या आवाजात बोलून गेली. "शेप्याचा हाय. बागेतला."

रांगेत तिच्या मागे सेठच्या मुनिमाची बायको उभी होती.

सांजेला सेठनं चुडामणला फाटकाशीच उभं केलं. शिवरात्रीचे गजरे विकायला मथुराबाई टोपली घेऊन तिथंच होती. मुनीम वामनराव म्हणाला, "लोकांना म्हणे हात मागं घ्या! अन् याच्या बायकोचं ताट बघा."

"मोहोर कोणी खुडला?" सेठनं विचारलं.

चुडामणनं एकदा बायकोकडे पाहिलं. धुईची सबब त्याच्या ओठांपर्यंत आली असेल, नसेल. "मी खुडला सेठ. झाडासाठी."

"झाडासाठी, का देवासाठी, का बायकोसाठी?"

वामनराव हसला. चुडामणनं कमरेचा विळा काढून फाटकाच्या खांबाशी ठेवला. घरी येऊन तो जेवला. त्यानं तिला एका शब्दानं दोष दिला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. शिव्या दिल्या असत्या तर त्या कधीतरी संपल्या असत्या.

वर्षभर त्यानं ताप्तीकाठच्या मळ्यांत मजुरी केली. बागेकडे फिरकला नाही. पुन्हा शिवरात्र झाली, रविवार आला, आणि तो सकाळी धुतलेलं धोतर नेसून म्हणाला, "चल. बाग बघून येऊ."

जन्मात पहिल्यांदा मथुराबाई त्या फाटकातून आत गेली. केवढे गुलाब होते! तिनं एवढे रंग एका जागी कधी पाहिले नव्हते, आणि क्षणभर ती सगळं विसरली. एका वाफ्याशी ती वाकली आणि वास घेऊन म्हणाली, "अहो, हे बघा ना!" पण तो पुढे गेला होता, बागेच्या मधोमध.

तिथं गर्दी होती. कमरेएवढं कलम मोहोरानं आणि वाटाण्याएवढ्या कैऱ्यांनी वाकलं होतं. "एका झाडाला एवढं!" लोक म्हणत होते. खोडाला बांबूचा टेकू दिला होता. पानांच्या कडा आत्ताच करपल्या होत्या. चुडामणला जे दिसलं ते त्या गर्दीत दुसऱ्या कुणालाच दिसलं नाही. तो पुढे झाला आणि एका वाळक्या पानाखाली त्यानं बोट नेलं, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावं तसं.

"चुडामणभाऊ."

नवा माळी कडू. पूर्वी चुडामणच्या हाताखाली तो वाफे खणायचा. त्याची मान खाली होती.

"हात मागं घ्या भाऊ. सेठनं सांगून ठेवलं हाय. तुमचं तर खासच."

दोन-चार जण हसले. चुडामण म्हणाला, "कडू, फळ उतरव. आज उतरव. नाहीतर जेठ महिना बघणार नाही हे."

"मी कोण उतरवणारा, भाऊ?"

ते खरं होतं. चुडामणनं बोट काढून घेतलं. दोन्ही हात पाठीशी नेले, एकात एक घट्ट धरले, आणि गुलाबांच्या मधल्या वाटेनं, कुठंही न बघता, फाटकाकडे चालू लागला. मथुराबाई वाफ्याशी उभी राहून त्याच्या पाठीवरच्या त्या हातांकडे बघत राहिली. तिकडे कडूही बघत होता, हातातली झारी तशीच वाहत होती, आणि पाणी दुसऱ्याच कुठल्यातरी झाडाच्या बुडाशी जात होतं.