सागवानी कोळीण

माझे यजमान गेले त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. गिरगावातली दुकानं बंद होती, नाक्यानाक्यावर पोलीस. त्यामुळे चंदनवाडीच्या स्मशानात आठ-नऊच माणसं गेली. शेजारणी म्हणाल्या, रडून घ्या, मोकळं वाटेल. मला रडू येईना. मी फडकं घेऊन घर पुसत राहिले.

पुसण्यासारखं आमच्याकडे पुष्कळ होतं. हे शिल्पकार. रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत मालकानं त्यांना कोपरा दिला होता. तिथं ते सागाचे बुंधे तासत. विकलं जायचं नाही ते आमच्या दोन खोल्यांत येऊन उभं राहायचं. त्यात त्यांनी जमवलेल्या वस्तू. कोकणातल्या देवळांतून काढून टाकलेले लाकडी मुखवटे, हात तुटलेली दीपलक्ष्मी, रंग उडालेली खेळणी. पानं घ्यायची तर आधी दोन-तीन मुखवटे उचलून कॉटवर ठेवावे लागत.

तेरावं झाल्यावर दोन दिवसांनी एक कोळीण दारात आली. माहीमची, माझ्याच वयाची असेल.

"वैनी, साहेबांचं आज कळलं," ती म्हणाली. "वखारीत मी त्यांच्यासमोर बसायची. माझा पुतळा केलता त्यांनी. पुरा झालेला बघितलाच नाय मी."

मी तिला आत घेतलं आणि हे ज्याला 'कोळीण' म्हणत तो खिडकीजवळचा पुतळा दाखवला. ती पुढे होऊन निरखू लागली.

"डोळे कुठं हायेत?"

"काढलेच नाहीत त्यांनी. नाकही नाही."

तिनं पुतळ्यावर हात ठेवला आणि हळूहळू खाली नेला. मानेपाशी थांबली. "ही माझीच मान," ती म्हणाली. "डोक्यावर पाटी असली की अशीच दबून ऱ्हाते."

तीन वर्षं मी तो पुतळा पुसत होते. मान माझ्या कधी लक्षात आली नव्हती.

मी चहा केला. ती खाली बसून प्याली. म्हणाली, "साहेब काम करताना बोलायचे नाय. एकदा तुमचं बोलले. म्हणाले, बायकोला यातलं काय आवडत नाय, पण एकावर धूळ बसू देत नाय."

मला वाटलं, आता रडू फुटेल. तसं काही झालं नाही. तिचा कप रिकामा झाला होता, तो मी विसळून ठेवला.

"घेऊन जातेस का हा?" मी विचारलं.

"आमच्या खोलीत माणसं मावत नायत, वैनी. इथंच असू दे. मी येईन कधीमधी."

पुढे यांचे एक मित्र सामान बघायला आले. संग्रह एका कलाशाळेत ठेवू म्हणाले. मी हो म्हटलं. लॉरी भरताना हमालांनी खिडकीजवळच्या पुतळ्याला हात घातला, तेव्हा मी म्हणाले, "तो राहू दे." मित्रांनी कारण विचारलं. मी पुतळ्यावरची धूळ पुसू लागले.

राज्य झालं त्या दिवशी वाडीत रोषणाई होती. कोणीतरी माझ्या हातावर पेढा ठेवला. मी तो खाल्ला. दुसऱ्या दिवशी दुपारी कोळीण आली. आम्ही दोघी खिडकीशी बसलो.