देवांची वर्गशिक्षिका

देवाला नमस्कार करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, नवस बोलणारी पाहिली, देवाशी भांडणारीही एकदोन पाहिली. पण देवाला गृहपाठ देणारी आणि तो झाला नाही म्हणून त्याला भिंतीकडे तोंड करून बसवणारी व्यक्ती आयुष्यात एकच पाहिली. ती माझ्या धाकट्या दिरांची मुलगी. तेव्हा आठ वर्षांची होती. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. आम्ही डहाणू स्टेशनजवळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहत होतो, माझे यजमान मालधक्क्यावर क्लार्क होते आणि दीर तलासरीला जंगल खात्यात होते. तिथे पोरीला सांधेज्वर झाला. ताप गेला, पण जाताना तिच्या हृदयाला दुखणं लावून गेला. डहाणूचे पारशी डॉक्टर म्हणाले, वर्षभर धावायचं नाही, जिना चढायचा नाही, शाळा तर नाहीच; इंजेक्शनं चुकवायची नाहीत, आणि मग बघू. ‘बघू’ म्हणजे काय, हे विचारायचा धीर कोणालाच झाला नाही. डॉक्टर जवळ म्हणून ती आमच्याकडे राहायला आली. आम्हाला मूलबाळ नव्हतं.

मी लगेच कामाला लागले. काळजी वाटली की मी वेळापत्रक करते. पहाटे औषध, पूजेच्या वेळी श्लोक, मग वाचन, गणित, जेवण, झोप, असं सगळं आखून मी ते भिंतीला लावलं. तिनं ते खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, "काकू, वर्गात बाकीचं कोण आहे?"

"कोणी नाही. तू एकटीच."

"मग ही शाळा कुठे? ही शिक्षाच झाली की."

दुसर्‍या दिवशी मी स्वयंपाकघरातून येऊन पाहते तर तिनं पाट ओढून देवघरापुढे बसकण मारलेली आणि देवांची शाळा भरलेली. गणपती पुढच्या रांगेत, कारण तो हुशार. अन्नपूर्णा त्याच्या शेजारी, कारण तिच्याकडे पळी आहे आणि मधल्या सुट्टीत उपयोगी पडेल. रांगणारा बाळकृष्ण बालवर्गात. तसबिरीतल्या मारुतीला तिनं सगळ्यांत मागे ठेवलं होतं आणि त्याला बजावत होती, "तू वर्षभर उड्डाण करायचं नाहीस. डॉक्टरांनी सांगितलंय." मी वेळापत्रकात काही बदल केला नाही. विषय तेच राहिले, फक्त विद्यार्थी वाढले. मी तिला शिकवायची, ती देवांना शिकवायची, आणि त्यामुळे तिचे पाढे माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर पाठ झाले. भूगोलाच्या तासाला नव्या राज्याचा नकाशा तिनं गणपतीपुढे धरला आणि सांगितलं, "आपण इथे, अगदी टोकाला. जास्त सरकू नकोस, गुजरातेत जाशील."

तिच्या घरात सगळे सरकारी नोकर, त्यामुळे देवांनाही खाती वाटून दिलेली. शंकर अर्थातच जंगल खात्यात. "पण काकू, त्याच्याकडे वाघाच्या कातड्याचा परवाना आहे का? नाहीतर बाबा पकडतील." धाकटी डहाणू या जवळच्या कोळी गावातून मासे घेऊन येणार्‍या मावशीला तिनं एका सोमवारी पायरीवरच अडवलं. "मावशी, आज शंकराचा वार. आज मासे विकले तर चालतं?" मावशी टोपली उतरवत म्हणाली, "चालतं तर! माझा घरवाला रोज समुद्रात जातो, तो काय वार बघून जाळं टाकतो?" पोरीनं निकाल दिला. "मग तुमचं खातं वेगळं. समुद्र कोणाकडे आहे ते विचारून सांगते." मावशी मला म्हणाली, "बाई, या पोरीला लवकर बरी कर गं. देवाचं डोकं फिरवील ही." जाताना दोन बोंबील जास्त टाकून गेली.

खरी अडचण होती यजमानांची. ते पूजेच्या बाबतीत फार कडक. सोवळं नेसून, डोळे मिटून स्तोत्र म्हणायचे, आणि शेजारी ही बसून ऐकायची. एकदा मध्येच म्हणाली, "काका, एक ओळ गाळलीत. पहिल्यापासून." त्यांनी निमूटपणे पहिल्यापासून म्हटलं आणि ड्यूटीवर उशिरा पोचले. पण बाळकृष्ण भिंतीकडे तोंड करून बसलेला दिसला त्या दिवशी मात्र त्यांचा आवाज चढला. "देवाची चेष्टा केलेली मला खपणार नाही!"

"चेष्टा कुठे केली?" ती म्हणाली. "सगळे येऊन त्यांना नुसता नमस्कार करतात आणि जातात. त्यांच्याशी कोणी बोलतच नाही. किती कंटाळा येत असेल दिवसभर बसून बसून!"

त्या दिवसापासून यजमान मालधक्क्यावरून आले की आधी तिच्याजवळ बसायला लागले.

त्यांनी तिच्यासाठी चहा सोडला होता. कोणाला सांगितलं नव्हतं, पण मी एकच कप ओतते हे तिनं हेरलं आणि माझ्याकडून काढून घेतलं. मग सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "हे बरोबर नाही. आजारी मी, आणि चहा तुमचा बंद? मीपण काहीतरी सोडते." विचार करून तिनं कारलं सोडलं. दुसर्‍या दिवशी एरंडेल सोडलं. तिसर्‍या दिवशी सतराचा पाढा सोडायची तयारी दाखवली. "देव हो म्हणाला का?" यजमानांनी विचारलं. "नाही म्हणाला नाही," ती म्हणाली. इंजेक्शनं सुरू झाल्यापासून त्यांना इतकं खळखळून हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

वर्ष सरलं, तपासणीचा दिवस आला. डॉक्टरांनी नळी छातीला लावली आणि गप्प बसायला सांगितलं, जे तिला सर्वांत अवघड. बराच वेळ ते ऐकत राहिले. यजमान दारातच थांबले होते, आत यायला तयार नव्हते. शेवटी तिलाच राहवेना. "काय म्हणतंय?"

"म्हणतंय, मला किती बसवून ठेवणार?" डॉक्टर नळी काढत म्हणाले. मग माझ्याकडे वळले, "बहेन, हवे दोडवा दो एने, आता धावू द्या हिला. एकदम सारुं छे. जूनपासून शाळेत घाला." मी सवयीप्रमाणे आणखी काय काय पाळायचं ते विचारलं. ते म्हणाले, इंजेक्शनं चालू ठेवा, बाकी काही नाही.

आम्ही समुद्राकडे गेलो. सुरूच्या झाडांपलीकडे ओहोटीची ओली, घट्ट वाळू दूरवर पसरली होती. तिनं आमच्याकडे पाहिलं. "किती धावू?" यजमान म्हणाले, "दमशील तिथपर्यंत." ती सुटली, आणि आम्ही तिथेच उभे राहून तिला लहान लहान होत जाताना पाहत राहिलो.

जूनमध्ये दीर तिला न्यायला आले. तलासरीची एस.टी. लागली तशी ती माझा हात सोडून धावत गेली, एका दमात पायर्‍या चढली आणि खिडकीची जागा पकडून कंडक्टरशी बोलायला लागली. गाडी निघाली तरी तिचं बोलणं चालूच होतं. हात हलवायचं राहूनच गेलं. परत येताना यजमान म्हणाले, "वर्षभर आपण हेच मागत होतो ना?"

मी म्हटलं, "हो, हेच."