मावशीला खून ऐकवायला नाशिकला

माझी पहिली रहस्यकादंबरी प्रकाशकाकडे देण्याआधी सुमनमावशीला वाचून दाखवायची, एवढ्यासाठी मी डिसेंबरात पुण्याहून नाशिकची एसटी धरली. तिचे यजमान, आमचे दत्तूकाका, गोदावरीच्या पुरात गेले. मळ्यातली पाण्याची मोटर काढायला उतरले, ते परतलेच नाहीत. माझ्या कादंबरीतही एक फुलशेतकरी बुडतो. फक्त त्याला कुणीतरी ढकललेलं असतं. मावशी नको म्हणाली, तर हस्तलिखित कपाटात ठेवायचं असं ठरवूनच निघाले होते.

चाकणची कोंडी सोडली तर रस्ता बरा आहे, पण सकाळी लवकर निघा. सिन्नर सोडलं की थंडी जाणवते, स्वेटर वर काढून ठेवा. नाशिकला उतरल्यावर रिक्षाचं भाडं आधी बोलून घ्यावं. मी आधी मिसळ खाल्ली. काळ्या मसाल्याचा रस्सा, सोबत पापड आणि दही. खरं सांगायचं तर तेवढाच वेळ काढत होते.

मावशी मखमलाबादच्या बाजूला राहते. अजूनही शेवंती लावते. दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्याबरोबर पंचवटीतल्या फुलबाजारात गेले. फुलं विकली गेल्यावर ती म्हणाली, "चल, गंगेवर बसू. तिथंच वाच."

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. रामकुंडावर गर्दी होती, म्हणून आम्ही जरा पुढच्या पायऱ्यांवर बसलो. पाणी संथ, हिरवट. समोर बायका गोधड्या धूत होत्या. मी वाचायला लागले. माझ्या कादंबरीत नदीला सगळं ठाऊक असतं. ती प्रेत दडवते, खुन्याला झोपू देत नाही, शेवटी पुरावा काठावर आणून टाकते.

खून कसा झाला ते प्रकरण आलं तशी मी पानावरून नजर उचलली. मावशी पाण्याकडे बघत होती.

"थांबू का?"

"वाच गं. कुणी ढकललं असतं ना खरंच, तर बरं झालं असतं. शिव्या घालायला माणूस तरी मिळाला असता. गंगेला काय बोलणार? रोज तिच्याच पाण्यावर फुलं येत्यात."

दुपारपर्यंत वाचन चाललं. संपल्यावर तिने पदराने तोंड पुसलं.

"छाप. पण एक सांगू? तुझी गंगा रागावते, रडते, सगळं बोलते. अन् त्या बुडालेल्याला एक शब्द नाय. पयल्या पानावर मेलेलाच हाय."

मी पानं बाजूला ठेवली. "काय बोलायचे गं काका?"

मग ती घरी पोहोचेपर्यंत बोलत राहिली. काका बाजारातून येताना गाडीवर मोठ्याने गात, आणि सूर कधीच लागत नसे. उरलेली शेवंती तिच्या उशाशी ठेवून देत आणि वर म्हणत, "फेकून द्यायची होती, म्हणून आणली." रात्री जेवताना आठवेल तसं ती आणखी सांगत गेली. इतक्या वर्षांत काकांविषयी एवढं बोलताना मी तिला प्रथमच ऐकलं.

पुण्याला परतल्यावर कादंबरीच्या सुरुवातीला एक नवं प्रकरण घातलं. त्यात खून नाही, नदीही जेमतेम दिसते. एक माणूस बेसूर गात घरी येतो. प्रवासातून हाती आलं ते एवढंच, पण त्यानंतर मला आधीचं पुस्तक अर्धवट वाटायला लागलं.

फोनवर मावशीला ते प्रकरण वाचून दाखवलं.

"एवढा गोड नव्हता गं तो," ती म्हणाली. "पण राहू दे."