खडी फोडणाऱ्या बायकांचं शूटिंग

गावोगाव केबल नुकतीच पोचत होती. तेव्हा आमच्या बीडकडं कॅमेरा म्हणजे लग्नाचा कॅमेरा, एवढंच लोकांना ठाऊक. मीही तसाच एक कॅमेरा, एकाच बॅटरीसकट, लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मित्राकडून मागून आणला आणि पाटोद्याच्या रस्त्यावर रोजगार हमीची खडी फोडणाऱ्या बायकांकडं गेलो. हा माझा पहिला माहितीपट होता आणि मला त्यांचं काम दाखवायचं होतं.

कॅमेरा दिसताच सगळ्या हातोडे टाकून वस्तीत पळाल्या. ठेवणीतली लुगडी नेसून, केस विंचरून आल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. माझं डोकंच फिरलं.

"अहो मावशी, रोजच्यासारखी खडी फोडा की!"

त्यांच्यातली म्हातारी म्हणाली, "रोजचं हायेच की लेकरा. आता फोटूत बी खडीच फोडू व्हय?"

विनवलं, ओरडलो, पण एकीनंही हातोडा उचलला नाही. ती हसरी रांग टिपता टिपताच बॅटरी संपली.

मग त्या घरी गेल्या, जुनेरं नेसून परतल्या आणि उन्हात खडी फोडायला बसल्या. मला हवा होता तो शॉट समोर चालू होता, आणि मी बंद कॅमेरा मांडीवर घेऊन तो बघत बसलो.