यमुनेकाठच्या मातीत घातलेला चुना

कुमुदकाकूंचे उभे आयुष्य सावंतवाडीकडच्या तांबड्या जमिनीत गेले. त्या मातीत आंबटपणा फार. म्हणून दोन-तीन वर्षांनी एकदा पेरणीच्या आधी तीत शिंपल्यांचा चुना मिसळायचा, हे त्या सासूबाईंकडून शिकल्या होत्या. चुन्याने मातीचा आंबटपणा उतरतो आणि पीक जोर धरते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. मुलाच्या नोकरीमुळे त्या फरीदाबादला आल्या, तेव्हा त्यांची साठी उलटली होती. त्यांना अक्षरओळख नव्हती, आणि ही गोष्ट घराबाहेर कोणालाही ठाऊक नव्हती.

तेथील चार मराठी कुटुंबांनी मिळून यमुनेकाठी भाजीपाल्यासाठी अर्धा एकर जमीन घेतली. "काकू म्हणजे आपल्या कृषिमंत्री!" असे म्हणत सर्वांनी कारभार त्यांच्यावर सोपवला. पाणी द्यायला जवळच्या गावचा हरपाल होता. बाकीची मंडळी फक्त रविवारी येत. निवृत्त शिक्षिका शालिनीताईंनी माती तपासून घेतली आणि अहवालाचा कागद काकूंच्या हाती दिला.

"नीट वाचून घ्या हं काकू. लिहिलंय त्याप्रमाणेच करू."

काकूंनी चष्मा लावला, कागदावरून सावकाश नजर फिरवली आणि मान डोलावली. "बरोबर आहे. मला वाटलंच होतं."

त्याच आठवड्यात त्यांनी तीन पोती चुना मागवला व स्वतःच्या हातांनी वाफ्यांत मिसळला.

मेथी उगवली, पण तिची कोवळी पानेच पिवळी पडू लागली. महिनाभरात निम्मे वाफे बसले. रविवारी शालिनीताई हरपालवर कडाडल्या.

"खारा पानी दिया ना तुमने? सच बोलो!"

"नहीं मैडम, पानी तो मीठा है."

"अच्छा? मग मेथी काय लाजून पिवळी झाली?"

सगळे हसले. हरपालने एकदा काकूंकडे पाहिले आणि मान खाली घातली. काकूंच्या जिभेवर शब्द आला होता. पण चुन्याचे सांगितले, तर कागदाचेही सांगावे लागेल, या भयाने त्यांनी तो गिळला. हरपालचे काम त्याच दिवशी गेले.

त्यानंतर काकूंना जेवण गोड लागेना. अखेर त्या सुनेला म्हणाल्या, "नीरजा, मला त्या दुपारच्या वर्गात बसव." प्रौढांच्या त्या वर्गात त्या चार महिने हिंदी अक्षरे गिरवत राहिल्या. मग एके दिवशी त्यांनी ट्रंकेतून तो कागद काढला. तीन ओळी वाचायला त्यांना अर्धा तास लागला. मिट्टी क्षारीय है. चूना न डालें. गोबर की खाद डालें. त्यांचे कान तापले. ज्या मातीत आंबटपणाच नव्हता, तिच्यावर त्यांनी तीन पोती चुना लादला होता.

पुढच्या रविवारी त्यांनी सर्वांसमोर सांगून टाकले. "मेथी मी मारली. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, आणि मी वाचल्याचं नाटक केलं."

शालिनीताईंचा चेहरा उतरला. "मग त्या बिचाऱ्याला मी इतकं बोलले!"

दोघी तशाच हरपालच्या घरी गेल्या. शालिनीताईंनी त्याची माफी मागून त्याला कामावर परत बोलावले. काकूंना मात्र मान वर करवेना. त्यांनी चुन्याचे सांगताच तो शांतपणे म्हणाला, "पता था, माताजी. मिट्टी में सफ़ेदी दिखती थी."

"फिर बोला क्यूँ नहीं?"

"आप बड़ी हैं. सबके सामने क्या बोलता?"

हे ऐकून काकूंना भुई दुभंगावी असे वाटले. त्यांनी सोबत आणलेला तो कागद त्याच्यापुढे धरला.

"मुझे कहाँ पढ़ना आता है," हरपाल सहज हसला. "आप ही पढ़ दो."

जे लपवण्यासाठी काकूंनी त्याचे काम जाऊ दिले, ते त्याने एका वाक्यात सांगून टाकले होते. त्यांनी डोळे पुसले, चष्मा लावला, आणि ओळीखाली बोट धरून, अडखळत, त्याला सगळा कागद वाचून दाखवला.