उत्तर आलं होतं

आमच्या शाळेच्या ऑफिसातला फोन बहुतेक वेळा मुका असतो. कलकत्त्याच्या टेलिफोनांबद्दल बोलावं तेवढं थोडंच. पण त्या सकाळी तो वाजला आणि शिपाई मला वर्गातून बोलवायला आला. पलीकडे वहिनी होती. "मंदाताई, हे गेले," ती म्हणाली, "झोपेतच गेले. डॉक्टर येऊन गेले." मग तशाच सपाट आवाजात ती म्हणाली, "ऐकलंत ना? परत सांगा." आणि सगळ्या ऑफिसादेखत मी शाळेतल्या मुलीसारखं म्हटलं, "दादा गेला. झोपेतच गेला." मगच तिने फोन ठेवला. मला तिचा राग आला नाही. दादाबरोबर इतकी वर्षं संसार केल्यावर बाईचं दुसरं काय होणार?

माझा थोरला भाऊ डमडमला विमानतळाच्या टॉवरमध्ये कंट्रोलर होता. मी लग्न होऊन कलकत्त्यात आले, आणि काही वर्षांनी त्याची बदली इथे झाली. रेडिओवरून वैमानिकाला सूचना द्यायची, वैमानिकाने ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, आणि ती बरोबर आहे हे ऐकल्यावरच पुढच्या विमानाकडे वळायचं, ही त्याच्या कामाची रीत. ती रीत तो घरी घेऊन यायचा. वहिनीने बाजारात जाताना काय काय आणायचं ते म्हणून दाखवायचं. टॅक्सीत बसलं की हा ड्रायव्हरला पत्ता सांगणार आणि लगेच, "की बोललाम, बोलो तो?" काय सांगितलं मी, म्हण बघू! एकदा मंडळाच्या गणपतीत त्याने भटजींनासुद्धा प्रसादाची वेळ परत म्हणायला लावली होती. आम्ही त्याची यथेच्छ टिंगल करायचो. "दादा, तुला भूक लागलीय. परत सांग," असं मी म्हटलं की तो गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "मला भूक लागलीय. बरोबर." मग स्वतःच खो खो हसत सुटायचा.

ही टिंगल एकाहत्तरच्या युद्धाच्या आदल्या हिवाळ्यात संपली.

त्या दिवसांत डमडमला सकाळी असं धुकं पडायचं की दादाच्या क्वार्टरच्या व्हरांड्यातून समोरचं तळं दिसायचं नाही. अशा धुक्यात विमान कसं उतरतं ते दादाने मला समजावलं होतं. वैमानिकाला बाहेरचं काही दिसत नाही. समोरच्या यंत्रांच्या काट्यांवर विश्वास ठेवून तो खाली खाली येत राहतो. एक ठरलेली उंची असते. तिथपर्यंत धावपट्टीचे दिवे दिसले तर उतरायचं, नाही दिसले तर हट्ट करायचा नाही, मुकाट्याने वर जायचं आणि पुन्हा फेरी घ्यायची. "पण माणूस हट्ट करतोच गं," तो म्हणायचा. "वाटतं, अजून जरासं खाली गेलो की दिसतील. अंधारात जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं वाटून आपण पाय टाकतो ना, तसं."

त्या सकाळी आसामकडून एक मालवाहू विमान येत होतं. कुठल्याशा लहान खासगी कंपनीचं. आत दोघेच, कॅप्टन आणि त्याचा तरुण सहवैमानिक. रेडिओवर बोलत होता तो तरुण. पहिल्यांदा दिवे दिसले नाहीत म्हणून ते वर गेले, फेरी घेऊन पुन्हा खाली यायला लागले. विमान आता दिसायला हवं असं दादाला वाटलं, पण काचेबाहेर नुसतं पांढरं. म्हणून त्याने सांगितलं, दिवे दिसत नसतील तर दोन हजार फुटांवर चढा आणि डावीकडे वळा. त्या मुलाचं उत्तर आलं, "दोन हजार, डावीकडे. वर येतोय." दादाचा जीव भांड्यात पडला. वर दुसरं एक विमान ताटकळत होतं, तो त्याच्याकडे वळला.

मालवाहू विमान काही वर आलं नाही. नंतर हाका मारून मारून दादाचा घसा बसला, तरी बराच वेळ सगळे वरच शोधत होते, कारण दादा छातीठोकपणे सांगत होता की ते चढतंय. ते पडलं होतं धावपट्टीच्या अलीकडे, माशांच्या तळ्यांत. कॅप्टन जागच्या जागी गेला होता. तो मुलगा मात्र बाहेर आला होता. तळ्याच्या बांधावर बसल्या बसल्या गेलेला सापडला. बूट काढून शेजारी नीट जोडीने ठेवलेले होते...

चौकशी झाली. चूक वैमानिकांची ठरली; ठरलेल्या उंचीच्या खाली ते दिवे शोधत गेले होते. दादावर ठपका आला नाही. पण टॉवरमधलं सगळं बोलणं टेपवर उतरत असे आणि ती टेप त्याला ऐकवली गेली. टेपवर दादाची सूचना होती. मग नुसती खरखर. आणि मग दादाचाच आवाज, दुसऱ्या विमानाला सांगणारा, की खालचं विमान वर चढतंय. मधे त्या मुलाचं उत्तर नव्हतंच. असणं शक्यही नव्हतं. दादा सूचना देत होता तेव्हा विमान पाण्यात गेलेलं होतं. चौकशीवाले सज्जन होते. म्हणाले, रोज हजारदा उत्तर ऐकणाऱ्या कानाला कधीतरी न आलेलं उत्तरही ऐकू येतं, तुमच्या धंद्यात हे होतं.

दादाला ते पटायचं आणि पटायचंही नाही. एवढंच एक कोडं त्याला आयुष्यभर सोडवायचं होतं. मला म्हणाला होता, "मंदे, मी खरंच त्याचा आवाज ऐकला असेल, मग तो जिवंत माणसाचा असो की मेलेल्याचा, तर मी माझं काम केलं. आणि नसेल ऐकला, तर तो पोरगा बांधावर बसून माझी वाट बघत होता."

काही महिन्यांनी तो मला घेऊन हावड्याला गेला, त्या मुलाच्या आईकडे. त्याचं बंगाली टॅक्सीपुरतंच, म्हणून मी सोबत. गल्लीतलं दोन खोल्यांचं घर, शेजारच्या कारखान्याची धडधड भिंतीतून जाणवत होती. बाईंनी चहा दिला, संदेश मिठाई दिली, आणि रडल्या वगैरे अजिबात नाहीत. फक्त विचारलं, "ओ शेषे की बोलेछिलो?" तो शेवटी काय म्हणाला? मी भाषांतर करायच्या आत दादाने उत्तर दिलं, "बोलेछिलो, ओपोरे उठछि." म्हणाला, वर येतोय. बाईंनी कप खाली ठेवला आणि कुणी न सांगता ते शब्द सावकाश परत म्हटले, "ओपोरे उठछि..." दादाने मान हलवली. खोटं सांगितलंस का, असं परतताना फेरीबोटीत मी विचारलं नाही. मला ते खोटं वाटलंच नव्हतं.

त्यानंतर घरातली रीत बदलली. नुसतं उत्तर आता चालेना, तोंड दिसायला हवं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ओरडून बोलायचं नाही. समोर येऊन उभं राहायचं, दादा तुमच्या ओठांकडे बघत बसणार. त्यासाठी त्याने आपली वेताची खुर्ची अशी फिरवून ठेवली की स्वयंपाकघराचं दार, बाहेरचं दार, दोन्ही समोर यावीत. आणि धुक्याच्या सकाळी चहा पिता पिता मधेच त्याची मान वर व्हायची. कुणीही बोललेलं नसताना तो हळूच म्हणायचा, "बरोबर." वहिनी न पाहिल्यासारखं करायची. मला मनात दडपून ठेवणं जमत नाही. मी एकदा विचारलंच, काय बरोबर? "परत म्हणाला तो. तुला नाही आलं ऐकू?" मी म्हटलं, "नाही. चहा निवतोय, घे." तो हसला. "असंच सांगत जा. नाही म्हणणारं एक माणूस हवं घरात." मी सांगत राहिले. शेवटपर्यंत.

तेरावा झाल्यावर क्वार्टर रिकामं करायचं होतं म्हणून मी वहिनीकडे राहिले. दादा गेला तोही धुक्याचाच महिना. एका सकाळी मी स्वयंपाकघरात डबे बांधत होते. स्टोव्हवर दूध ठेवलेलं. मागच्या अंगणातल्या बरण्या आणायच्या होत्या, म्हणून मी आतूनच ओरडले, "वहिनी, दूध ठेवलंय, बघशील गं?" बाहेरच्या खोलीतून उत्तर आलं, "दूध ठेवलंय. बघते." स्वच्छ, वहिनीचा आवाज. मी निर्धास्त मागे गेले. परत आले तेव्हा दूध उतू जाऊन स्टोव्ह विझला होता, घरभर करपल्याचा वास. मी चिडून बाहेर आले, तर खोलीत कुणी नाही. वहिनी जिन्यावरून खाली येत होती, हातात गच्चीवरचे कपडे. "मी केव्हाची वर आहे," ती म्हणाली, "कपडे सुकतच नाहीत या धुक्यात."

"पण तू उत्तर दिलंस," मी म्हटलं.

तिने कपड्यांचा ढीग खाली ठेवला आणि ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. तिला नवल वाटलं नव्हतं, हेच मला भिववून गेलं. "मंदाताई, मी नव्हते," ती म्हणाली. मग फडकं घेऊन दूध पुसायला आत गेली.

मी वेताच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले. अगदी समोर, तोंड दिसेल अशी. इतकी वर्षं मी त्याला नाही म्हणत आले, आणि आता हो सांगावं तर तो नव्हता. मला फार रडू आलं. "आलं ऐकू, दादा," मी म्हटलं. तो परत सांगायला लावेल म्हणून थांबले. मग आपणहूनच परत म्हटलं, "आलं ऐकू."